काढून टाकलेले आकडे

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, प्रोजेक्ट जमा करायला नऊ दिवस उरले असताना, मी कोडमधला एक आकडा बदलला. आठचा पाच केला. फाइल सेव्ह केली, प्रोग्राम पुन्हा चालवला आणि महिनाभर माझी झोप उडवणारी सरासरी एकदम जागेवर येऊन बसली. आधीच्या अभ्यासांमध्ये जे उत्तर होतं, साधारण तेच आता माझंही आलं. मी लॅपटॉप बंद केला आणि चहा प्यायला गेले.

हा लेख त्या आकड्याबद्दल आहे. पण तो कशाचा होता हे आधी सांगायला हवं, आणि त्याची सुरुवात चहापासूनच करता येईल.

चहात साखर टाकली आणि चमचा फिरवलाच नाही, तर काय होईल? साखर विरघळेल, पण तळाशीच राहील. साखरेचे रेणू आपापले सरकत सरकत वरपर्यंत पोचायला ढोबळ हिशेबाने महिना-दोन महिने लागतील. चमचा फिरवला की हेच काम काही सेकंदांत होतं. कारण चमचा भोवरे तयार करतो, मोठ्या भोवऱ्यातून लहान भोवरे निघतात, लहानातून आणखी लहान, आणि शेवटी गोड आणि अगोड पाणी एकमेकांच्या इतकं जवळ येतं की उरलेलं काम रेणू करून टाकतात. या भोवऱ्यांच्या गोंधळाला टर्ब्युलन्स म्हणतात. मी त्याला खळबळ म्हणते.

समुद्राचंही असंच आहे, फक्त पेला मोठा आहे. निव्वळ रेणूंच्या भरवशावर राहिलं तर उष्णतेला एक किलोमीटर खाली झिरपायला दोन लाखांहून जास्त वर्षं लागतील. प्रत्यक्षात हे काम त्याहून कितीतरी लवकर होतं. म्हणजे खाली कुणीतरी चमचा फिरवतंय. वारा फिरवतो, भरती-ओहोटी फिरवते, म्हणजे एका अर्थाने चंद्रही फिरवतो. किती जोरात फिरवतो, हे मोजणं हा माझ्या विषयाचा गाभा.

मोजायचं म्हणजे फार नाजूक काम. खोल, शांत समुद्रात ही खळबळ इतकी क्षीण असते की एका घन किलोमीटर पाण्यात, म्हणजे एक लाख कोटी किलो पाण्यात, तिची सगळी ताकद मिळून जेमतेम शंभर वॅट भरते. जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. वादळाखाली किंवा जोरदार भरतीच्या सामुद्रधुनीत हीच ताकद लाखपटीने वाढू शकते. ती टिपायला बोटाच्या पेराएवढा सेन्सर लागतो. बाजूने पाण्याचा धक्का बसला की तो किंचित वाकतो आणि वाकण्याची वीज होते. त्याला प्रोब म्हणतात.

हा प्रोब जहाजावरून सोडता येतो, पण जहाजाची एक अडचण आहे. ते स्वतःच पाणी ढवळतं. वरच्या काही मीटरमध्ये आपण समुद्र मोजतोय की स्वतःचं जहाज, हे कळेनासं होतं. शिवाय जहाज महाग असतं आणि वादळ आलं की बंदराकडे वळतं. नेमकं जेव्हा समुद्रात काहीतरी घडत असतं तेव्हा मोजणारे तिथे नसतात.

म्हणून माणसांनी स्वतः न जाता यंत्रं पाठवायला सुरुवात केली. आज जगभरच्या समुद्रांत ‘आर्गो’ योजनेचे सुमारे ४००० फ्लोट वाहत आहेत. माणसाच्या उंचीचं एक नळकांडं. त्याला पंखा नाही, सुकाणू नाही. पोटातलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकललं की आकारमान वाढतं, वजन तेवढंच राहतं, यंत्र वर येतं. तेल परत आत घेतलं की खाली जातं. हजार मीटर खोलीवर नऊ-दहा दिवस प्रवाहासोबत वाहायचं, मग दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारायची, तिथून तापमान आणि क्षारता मोजत वर यायचं, उपग्रहाला आकडे सांगायचे आणि पुन्हा खाली जायचं. बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षं, हाच दिनक्रम. हे आकडे जगात कुणालाही फुकट मिळतात. आपल्याकडे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्यांचं काम बघते. तुमच्या हातातल्या फोनवरसुद्धा ते उघडतील.

याच घराण्यातली काही यंत्रं खळबळ मोजतात. अमेरिकेत एरिक डासारो यांनी असे फ्लोट बनवले की ज्यांची घनता आजूबाजूच्या पाण्याइतकीच ठेवली जाते. पाणी वर गेलं की तेही वर, खाली गेलं की खाली. २००४ मध्ये ‘फ्रान्सिस’ नावाच्या चक्रीवादळाच्या वाटेवर असे फ्लोट विमानातून पॅराशूटने टाकले. वादळ त्यांच्यावरून गेलं. पाण्याला काय झालं हे त्यांनी पाण्याबरोबर राहून सांगितलं.

मला मिळालेला डेटा बंगालच्या उपसागरातल्या अशाच एका वाहत्या यंत्रावरचा होता. बंगालचा उपसागर हा विचित्र समुद्र आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती आणि वरून पाऊस, इतकं गोडं पाणी त्यात येतं की खाऱ्या पाण्यावर त्याचं झाकण बसतं. हलकं पाणी वर, जड खाली. अशा थरांना ढवळणं अवघड असतं. म्हणून खालचं गार पाणी सहज वर येत नाही आणि पृष्ठभाग गरम राहतो. त्या गरम पाण्यावर कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि त्यांतले काही विदर्भापर्यंत पाऊस आणतात. तेव्हा त्या झाकणाखाली चमचा किती जोरात फिरतो, हा प्रश्न नुसता प्रयोगशाळेतला नाही. २०१३ नंतर भारत आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून तिथे काही वर्षं मोजमापं केली, ती याच प्रश्नासाठी.

*

आता माझा आकडा.

प्रोबवर कधी कधी एखादा प्लवक जीव किंवा जेलीफिशचा तुकडा आपटतो. सिग्नल एकदम उसळतो. त्याला स्पाइक म्हणतात. स्पाइक म्हणजे खळबळ नव्हे, तो अपघात आहे. म्हणून कोडमध्ये एक पट्टी असते. सिग्नल आजूबाजूच्या पातळीच्या इतक्या पटीने वर उडाला तर तो भाग गाळायचा. आमच्याकडे ती पट्टी आठ होती. आठ ठेवली की माझी सरासरी छापील उत्तरांच्या सहापट येत होती. पाच केली की अकरा तुकडे गळत होते आणि सगळं जुळत होतं.

मॅडमनी आलेख बघितला आणि विचारलं, “हे अकरा तुकडे कुठे गेले?”

“नॉइज होता, मॅडम.”

“कशावरून?”

मी म्हणाले, “फारच मोठे होते. आणि ते ठेवले तर सरासरी बिघडते.”

“बिघडते म्हणजे? नीट कशी असते हे तुला आधीच माहीत होतं का?” मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, “दुसऱ्या प्रोबवर काय दिसतंय?”

यंत्रावर शेजारी शेजारी दोन प्रोब असतात, आणि ते असण्याचं कारणच हे. जेलीफिश एकावर आपटेल, पण नेमकी त्याच क्षणी दोन्हींवर आपटण्याची शक्यता कमी. दोघांनीही उसळी दाखवली तर बहुधा पाण्यातच काहीतरी झालेलं असतं. मी दुसऱ्या प्रोबकडे बघितलंच नव्हतं. विसरले नव्हते. बघायची गरज वाटली नव्हती, कारण उत्तर आलं होतं.

ही बारीकशी गोष्ट समजायला मला बराच काळ लागला. खळबळीच्या बाबतीत सरासरी नावाची वस्तू फार फसवी असते. समजा शंभर ठिकाणी मोजलं. नव्याण्णव ठिकाणी उत्तर १ आलं आणि एका ठिकाणी १०००. सरासरी होते जवळजवळ ११. तो एक आकडा ‘अपवाद’ म्हणून काढला तर सरासरी १. म्हणजे शंभरातल्या एकाला वगळून आपण उत्तर अकरापटीने चुकवलं. समुद्राचा स्वभाव साधारण असाच आहे. बराच वेळ, बऱ्याच ठिकाणी, जवळजवळ काहीच होत नाही. मग कुठेतरी, थोडा वेळ, सगळं उलथापालथ होतं. मिसळण्याचं बहुतेक काम त्या थोड्या वेळात उरकतं. अपवाद काढून टाकले की नेहमीचं चित्र उरतं, पण झालेलं काम हिशेबातून निघून जातं.

यावरून सोपा धडा काढता येईल, की काहीच काढू नये. मलाही तसंच वाटलं होतं. पण तोही चुकीचा आहे.

२००६ मध्ये जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन या तिघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा भाग थंड झाला, असं त्यात होतं. जग तापतंय हे ज्यांना पटत नव्हतं त्यांना आयतंच हत्यार मिळालं. पण हा निकाल उपग्रहांच्या मोजमापांशी जुळेना. विलिस पुन्हा डेटाकडे गेले. अटलांटिकमधल्या काही फ्लोटच्या नोंदींत तापमान चुकीच्या खोलीवर लिहिलं जात होतं आणि त्यामुळे समुद्र होता त्यापेक्षा गार दिसत होता. जहाजांवरून टाकल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या उपकरणांत उलटी चूक होती, ती समुद्र जास्त गरम दाखवत होती. जुनी उपकरणं कमी होत गेली, नवे फ्लोट वाढत गेले, आणि दोन चुकांच्या मधल्या फटीत ते ‘थंड होणं’ जन्माला आलं होतं. चुकीच्या नोंदी वगळल्यावर ते नाहीसं झालं. त्यांनी २००७ मध्ये स्वतःच्या नावाने दुरुस्ती छापली.

इथे मी अडखळले. विलिस यांनी काय केलं? निकाल इतरांशी जुळत नव्हता म्हणून ते चूक शोधायला निघाले आणि न जुळणारे आकडे त्यांनी काढले. मी काय केलं होतं? अगदी तेच! मग त्यांचा प्रामाणिकपणा आणि माझी चलाखी यांत फरक कोणता?

हेतूत फरक आहे असं म्हणता येईल, पण हेतूचं मला फारसं खरं वाटत नाही. त्या संध्याकाळी मला कुणी विचारलं असतं तर मीसुद्धा छातीठोकपणे सांगितलं असतं की मी डेटा स्वच्छ करतेय. खोटं बोलतेय असं मला एकदाही वाटलं नव्हतं. माणूस स्वतःला फसवताना सहसा झोपेतच असतो.

फरक मला दुसरीकडे सापडतो. शंका कुठूनही यावी, निकाल आवडला नाही म्हणूनही यावी. पण काढून टाकण्याचं कारण निकालाच्या बाहेरचं हवं. ‘तापमान चुकीच्या खोलीवर लिहिलं गेलंय’ हे कारण समुद्र तापला की गार झाला याची पर्वा करत नाही. निकाल उलटा असता तरी ते खरंच राहिलं असतं. ‘ठेवलं तर सरासरी बिघडते’ हे कारण म्हणजे निकालच, फक्त कपडे बदलून आलेला. दुसरं म्हणजे विलिस यांनी काय काढलं आणि का काढलं ते उघड्यावर ठेवलं. मी आठचा पाच केल्याचं कुठेच लिहिलं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जड जाते. न आवडणाऱ्या आकड्यांची जेवढी झडती घेतो तेवढी आवडणाऱ्यांची घेतो का? माझी सरासरी पहिल्याच दिवशी जुळली असती तर मी एकही तुकडा उघडून बघितला नसता.

*

याची उलटी गोष्टही समुद्रात घडलेली आहे. १९६६ मध्ये वॉल्टर मंक यांनी हिशेब मांडला की ध्रुवांकडे बुडणारं गार पाणी पुन्हा वर यायचं असेल तर खोल समुद्रात अमुक इतकी मिसळण हवीच. पुढे प्रोब आले, मोजमापं झाली, आणि उघड्या समुद्रात निघालं त्याच्या दहावा हिस्सा. आता खोटं कोण? काहींचं म्हणणं पडलं की प्रोब प्रामाणिक आहेत, पण ते थोडाच वेळ पाण्यात असतात. मोठ्या उसळ्या क्वचित येतात, त्या त्यांच्या नजरेतून सुटत असतील.

याचा निकाल लावायला १९९२ मध्ये जेम्स लेडवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच मार्ग घेतला. कॅनरी बेटांच्या पश्चिमेला, सुमारे ३०० मीटर खोलीवर, त्यांनी सुमारे १३९ किलो सल्फर हेक्साफ्लुओराइड सोडलं. हा पदार्थ अत्यल्प प्रमाणातही ओळखता येतो. मग काही महिन्यांनी परत जाऊन तो वर-खाली किती पसरला ते बघितलं. या रसायनाला काही चुकवता येत नाही. ते रोज तिथेच असतं. शांत दिवशीही असतं, उसळीच्या रात्रीही असतं. त्याने दिलेलं उत्तर प्रोबशी जुळलं. तिथली मिसळण खरंच कमी होती. मंकही चुकले नव्हते. १९९७ पर्यंत दिसून आलं की ब्राझीलजवळच्या खोऱ्यात, खडबडीत समुद्रतळाच्या वर, मिसळण कितीतरी जास्त आहे. हरवलेली खळबळ दुसऱ्या ठिकाणी होती.

मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात कुणीही आकडा वाकवला नाही. विसंगती तशीच उघडी ठेवून लोक तिच्यासोबत वर्षानुवर्षं राहिले. आणि शेवटी ती सोडवली ती रोज हजर असलेल्या साक्षीदाराने. अपवाद पकडायचा असेल तर त्याची वाट बघत साधे दिवस काढावे लागतात. वादळाच्या दिवशी अचानक उगवणाऱ्याला तो अपवाद आहे की नियम, हेच कळत नाही.

*

हे सगळं मला समुद्रापुरतं ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी आठवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत मावशीकडे गेले होते. काका बोलके, हसरे, मला रोज कुल्फी आणून देणारे. एका रात्री मी आवाजाने जागी झाले. भिंतीच्या पलीकडून तीन वेळा तसा आवाज आला, मग काहीतरी पडलं, मग काहीच नाही. सकाळी मावशीने डोक्यावरून पदर घेतला होता, एरवी ती घ्यायची नाही. दुपारी घरातली मोठी माणसं आली. बैठक झाली. मला आतल्या खोलीत पाठवलं, पण ऐकू येत होतं. “अगं, वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस नीट वागतो ना? एखाद्या दिवशी डोकं फिरतं माणसाचं. त्या एका दिवसावरून संसार मोजायचा का?”

ती माणसं दुष्ट नव्हती. त्यांनी हिशेब केला होता आणि हिशेबात एक आकडा बसत नव्हता. तो काढला की घर नीट आहे हे उत्तर येत होतं, आणि ते उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. मावशीचं वर्ष मात्र त्याच रात्रीने बनलं होतं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ती त्या रात्रीच्या हिशेबाने पावलं टाकत होती.

याच्या उलटचा अन्यायही आपण रोज करतो. कुणाचा तरी बारा सेकंदांचा व्हिडिओ येतो, माणूस ओरडतोय, शिव्या देतोय, आणि जेवणाच्या आधी आपण त्याचं सगळं आयुष्य त्या बारा सेकंदांवरून लिहून मोकळे होतो. कदाचित तो स्पाइक असेल. कदाचित तो तसाच असेल. आपल्याला माहीत नसतं, कारण त्याच्या बाकीच्या दिवसांत आपण कुठेच नसतो. ‘एका दिवसावरून माणूस मोजू नये’ हे वाक्य त्या अनोळखी माणसाबद्दल न्यायाचं आहे आणि मावशीच्या घरात तेच वाक्य अन्यायाचं होतं. वाक्यात फरक नाही. एकीकडे ते चौकशी सुरू करतं, दुसरीकडे बंद करतं.

म्हणून मला वाटतं, अपवादांचं काय करायचं याचं सूत्र कुणी देऊ शकणार नाही. आठ बरोबर की पाच, हे कोड सांगत नाही. माझ्यापाशी फक्त तीन प्रश्न उरले आहेत. हे काढण्याचं माझं कारण निकालाबाहेरचं आहे का? काढलेलं मी उघड्यावर ठेवलंय का? आणि दुसऱ्या प्रोबला विचारलं का?

त्या नऊ दिवसांत मी अकराही तुकडे एकेक करून उघडले. चार एकाच प्रोबवर होते, ते गेले. सात दोन्ही प्रोबवर होते, ते राहिले. सरासरी पुन्हा वर गेली, छापील उत्तरांच्या जवळजवळ चौपट. का, ते मला सांगता आलं नाही. प्रोजेक्टमध्ये मी तसंच लिहिलं, काढलेल्या चार तुकड्यांचे आलेख शेवटी जोडले. तोंडी परीक्षेत त्यावरूनच सगळ्यात जास्त झाडाझडती झाली आणि गुण काही फार मिळाले नाहीत.

प्रोजेक्ट जमा केला त्या रात्री मी मावशीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग म्हणाले, “मावशी, त्या मे महिन्यात मी जागी होते. मी ऐकलं होतं.”

बैठकीत त्या दिवशी सगळ्यांना विचारलं गेलं होतं, शेजारच्या काकूंनासुद्धा. भिंतीच्या अलीकडे झोपलेल्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं. आणि मीही, कुणी विचारलं नाही या आडोशाने, दहा वर्षं गप्प बसले होते.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, “म्हणजे ते झालं होतं ना गं? इतकी वर्षं सगळे म्हणतात की मीच वाढवून सांगते. मलाही वाटायला लागलं होतं.”